सोसायटीत सण आणि श्रद्धेवरून वाद: कमिटीने काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

सोसायटीत धर्मावरून वाद झाला की बहुतेक कमिट्या उलट्या क्रमाने चालतात. आधी सण येतो, मग ग्रुपवर जुंपते, मग कोणीतरी पोलीस ठाणं गाठतं, आणि सगळं होऊन गेल्यावर नियम लिहायला बसतात. तेव्हा लिहिलेला नियम कितीही चांगला असो, तो कोणाच्या तरी विरुद्ध लिहिलाय असंच वाटतं. आणि ते बऱ्याचदा खरंही असतं.

हा लेख मिश्र वस्तीच्या, साधारण पन्नास ते दोनशे फ्लॅटच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी किंवा चेअरमन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. पंधरा-वीस घरांच्या इमारतीत यातलं निम्मं काम जिन्यात उभ्याउभ्या होतं. तिथे टप्पा १, ४ आणि ६ पुरेत.

## टप्पा १. तक्रारीतून धर्म काढा, उरतं ते लिहा

तक्रार आली की ती जशी आली तशी सभेत नेऊ नका. आधी वहीत पाच रकाने आखा: जागा, वेळ, आवाज, पैसा, स्वच्छता-सुरक्षा. तक्रारदाराला समोर बसवून एकेक रकाना भरा.

"त्यांचं हल्ली फारच वाढलंय" ही तक्रार नव्हे. "दर शनिवारी रात्री अकरापर्यंत पोडियमवर ढोलकी वाजते आणि बी विंगच्या लिफ्टसमोर चपलांचा ढीग असतो" ही तक्रार. पहिल्या वाक्यावर कमिटी काहीच करू शकत नाही, दुसऱ्यावर आठवड्याभरात तोडगा निघतो. प्रश्न साधे ठेवा. किती वाजता? कुठे? किती वेळा झालं? तुम्हाला नेमका काय त्रास झाला? बोलताबोलता चार रकाने भरतात आणि माणसाचा आवाजही खाली येतो.

एकाही रकान्यात न बसणारं बरंच काही उरेल. मूर्तिपूजा बरोबर का, कुर्बानी बरोबर का, देव मुळात आहे का, कोणाचा धर्म जास्त सहिष्णू. यांची उत्तरं द्यायला कमिटी निवडून आलेली नाही. ऐकून घ्या, वाद घालू नका, आणि वहीत लिहू नका.

एक गैरसमज इथेच दूर करा. वादाची रेघ दर वेळी दोन धर्मांच्या मधूनच जाते असं नाही. कोकणातल्या कितीतरी घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मटणाचा किंवा मासळीचा नैवेद्य असतो. गणपतीच्या दहा दिवसांत इमारतीत मांसाहार नको म्हणणारा आणि तो नैवेद्य रांधणारा, दोघेही हिंदूच. शिवजयंती १९ फेब्रुवारीला की फाल्गुन वद्य तृतीयेला, यावरही सोसायट्यांमध्ये दोन तट पडलेले आहेत. दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमी ते अनंत चतुर्दशी, म्हणजे नेमकं गणेशोत्सवात येतं. एकाला शांतता हवी असते तर दुसऱ्याला ढोलताशा. "ते आणि आपण" असा नकाशा घेऊन बसलात तर निम्मे वाद तुम्हाला दिसणारच नाहीत.

तपासा: तक्रार एका वाक्यात, कोणत्याही धर्माचं, जातीचं किंवा सणाचं नाव न घेता लिहिता येते का? येत नसेल तर ती अजून नीट समजलेली नाही. परत विचारा.

## टप्पा २. सणांचं कॅलेंडर जानेवारीत मांडा

भिंतीवर नवं कालनिर्णय लागलं की त्याच आठवड्यात हे काम उरका. एका मोठ्या कागदावर बारा महिने आखा आणि ज्या ज्या सणांना सामायिक जागा, आवाज किंवा पाहुण्यांची गर्दी लागते ते सगळे लिहा. घरातल्या घरात होणाऱ्या गोष्टी लिहायच्या नाहीत.

इस्लामी महिने चंद्रावर चालतात, त्यामुळे ईद दर वर्षी सुमारे दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. गेल्या वर्षी जी अडचण नव्हती ती यंदा येऊ शकते. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला होता आणि रमजान ईद ३१ ला. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईत मुस्लिम संघटनांनी आधीच बसून मिरवणूक दुसऱ्या दिवशी नेली आणि राज्य सरकारने सुट्टीही २९ तारखेला सरकवली. शहराला जे महिनाभर आधी ठरवता येतं ते एका आवारालाही येतं. आदल्या रात्री मात्र कोणालाच येत नाही.

कॅलेंडरचा दुसरा उपयोग सभेच्या तारखेसाठी. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, आणि बहुतेक सोसायट्या ती अगदी शेवटच्या रविवारी घेतात. तोवर गणपती होऊन गेलेले असतात किंवा ऐन भरात असतात. म्हणून सणांचा विषय वार्षिक सभेवर टाकू नका. त्यासाठी फेब्रुवारीत विशेष सर्वसाधारण सभा घ्या. त्या वेळी बहुतेक वर्षी सणांची गर्दी कमी असते आणि कोणाचा आगाऊ पैसा अडकलेला नसतो.

सावधान: कॅलेंडरवर काय लिहायचं हे कमिटीने परस्पर ठरवलं की काहीतरी राहतंच. बहुधा १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, गुड फ्रायडे किंवा छठ. कागद नोटीस बोर्डावर आठ दिवस लावा आणि खाली पेन बांधून ठेवा.

## टप्पा ३. सभेआधी गाठीभेटी

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा, म्हणून तोच गाळला जातो. मग सभेत लोक पहिल्यांदाच एकमेकांचं ऐकतात, तेही शंभर माणसांसमोर. तिथे कोणी मागे हटत नाही.

भिवंडीचं उदाहरण पोलीस खात्यात आजही दिलं जातं. १९८४ च्या दंगलीत होरपळलेलं हे गाव १९९२-९३ मध्ये, शेजारची मुंबई जळत असताना, शांत राहिलं. त्याआधी तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. वस्तीतली दोन्हीकडची माणसं पोलिसांसोबत नियमित बसत, आणि विषय बहुतेक वेळा रोजचेच असत. वेळ आली तेव्हा ती एकमेकांना नावाने ओळखत होती. सोसायटीला यातून घ्यायचं ते इतकंच: पहिली भेट भांडणाच्या दिवशी नको.

दोन जणांनी जा, एकट्याने नाही. एक कमिटीतला, एक बाहेरचा. शक्यतो एक बाई, एक पुरुष. आठवड्याला चार घरं पुरतात. सगळी घरं होणार नाहीत, पण ही घरं चुकवू नका: उत्सव भरवणारे, उत्सवाचा त्रास होणारे (तळमजला, पोडियमच्या वरचा मजला, दहावी-बारावीची मुलं, आजारी माणूस असलेलं घर), संख्येने एकटी-दुकटी असलेली कुटुंबं आणि भाडेकरू. भाडेकरूंना सभेत मत नसतं, पण सण असतात.

घरी गेल्यावर "तुमच्या समाजाचं काय म्हणणं आहे" असं चुकूनही विचारू नका. शेखकाका अख्ख्या मुस्लिम समाजाचे वकील नाहीत आणि डिसोझा मावशींना व्हॅटिकनने नेमलेलं नाही. "तुमच्या घराला काय सोयीचं पडेल?" एवढंच विचारा.

अशा भेटींत काय हाती लागतं याचा एक नमुना. एका सोसायटीत बौद्ध कुटुंबाने गणपतीची वर्गणी दिली नाही म्हणून वर्षभर कुजबुज होती. पैशाला चिकट आहेत, असं. कोणीतरी शेवटी घरी जाऊन विचारलं. घरातल्या ताई म्हणाल्या, "दादा, पाचशेचा प्रश्नच नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला देव मानणार नाही, असं आहे. आमच्या सासऱ्यांनी नागपुरात स्वतः त्या घेतल्यात. पावतीवर 'गणेशोत्सव' लिहिलेलं असतं, तिथे मी सही कशी करू? रोषणाईला, मुलांच्या स्पर्धांना मागा की, देते." १४ ऑक्टोबर १९५६ च्या त्या प्रतिज्ञा सगळ्यांना ऐकून माहीत असतात; शेजारच्या दाराशी त्यांचा संबंध कोणी जोडलेला नसतो. पुढच्या वर्षी पावतीपुस्तकं दोन झाली, विषय संपला.

तपासा: ज्यांना त्रास होतो अशा निदान तीन घरांत आणि जे उत्सव करतात अशा निदान तीन घरांत बसून चहा झाला का? नसेल तर सभेची नोटीस काढू नका.

## टप्पा ४. नियमाचा मसुदा

इथे घाई नको. ठराव सभेत जन्माला येऊ देऊ नका, लिहून न्या. मसुदा एका पानाचा असावा आणि त्यात कोणत्याही सणाचं नाव नसावं. खालचा नमुना घेऊन आपल्या आवाराप्रमाणे बदला.

> १. क्लब हाउस, पोडियम व गच्ची धार्मिक, सांस्कृतिक किंवा कौटुंबिक कार्यक्रमासाठी कोणत्याही सभासदाला अथवा भाडेकरूला अर्ज केल्यास मिळेल. अर्ज किमान १५ दिवस आधी. दोन अर्ज एकाच वेळेचे आल्यास दोन्ही अर्जदारांना एकत्र बसवून वेळ वाटली जाईल.
>
> २. जागेचा वापर तासांत मोजला जाईल. वर्षाला कार्यक्रम भरवणाऱ्या प्रत्येक गटाला ___ तास शुल्काशिवाय. पुढे ताशी ___ रुपये.
>
> ३. ध्वनिक्षेपक लावायचा असल्यास पोलिसांची लेखी परवानगी अर्जासोबत जोडावी. रात्री १० नंतर आवाज बंद. सरकारने सवलत जाहीर केलेल्या दिवशी त्या सवलतीपुरती मुदत.
>
> ४. सामायिक जागेत कायमस्वरूपी बांधकाम, मूर्ती, प्रतीक किंवा झेंडा बसवता येणार नाही. तात्पुरती मांडणी कार्यक्रम संपल्यापासून २४ तासांत काढावी.
>
> ५. अग्निशमन गाडीचा मार्ग, जिने व लिफ्टसमोरची जागा कोणत्याही कारणासाठी अडवता येणार नाही.
>
> ६. दाराच्या चौकटीवर व उंबऱ्यापुरती सजावट, तोरण, रांगोळी, धार्मिक चिन्ह ज्याच्या त्याच्या इच्छेवर. पॅसेज मोकळा असावा.
>
> ७. कार्यक्रमानंतरची स्वच्छता आयोजकांकडे. अनामत ___ रुपये.

दुसऱ्या कलमाबद्दल थोडं सविस्तर, कारण समानतेचं गणित सगळीकडे तिथेच चुकतं. "सगळ्यांना सारखे दिवस" हे ऐकायला बरोबर वाटतं, पण सणांचे आकारच वेगळे आहेत. गणपती बसला की जागा दहा दिवस रात्रंदिवस अडते, म्हणजे २४० तास. रमजानात तरावीहसाठी, म्हणजे रात्रीच्या खास नमाजासाठी, कोणी क्लब हाउस मागितलं तर तीस रात्री दीडेक तास धरा, ४५ तास होतात. गरबा नऊ रात्री तीन तास, २७. नाताळची कॅरल एका संध्याकाळी दोन तास. "तीस दिवस कसले देताय त्यांना?" असं म्हणणाऱ्यासमोर हा आकडा ठेवा आणि गप्प बसा. तास मोजले की उलट बाजूही दिसते: रोज दीड तास म्हणजे महिनाभर मुलांचं टेबल टेनिस बंद, तेव्हा त्या मुलांची वेळ कुठे सरकवायची हेही त्याच कागदावर लिहावं लागतं.

तिसऱ्या कलमामागे ध्वनिप्रदूषण नियम, २००० आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. त्या दिवसांची यादी जिल्हा प्रशासन जाहीर करतं, ती मिळवून फाइलला लावा. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय शंभर मीटरच्या आत असेल तर शांतता क्षेत्राचे नियम आणखी कडक आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातल्या रहिवाशांच्या याचिकेवर स्पष्ट सांगितलं की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. हे वाक्य भोंग्यालाही लागू आहे आणि डीजेलाही. सभेत ते एकाच्या अंगावर फेकण्यासाठी वापरलं की कमिटीचा तराजू सगळ्यांना दिसतो.

चौथ्या कलमावर कधीही तडजोड करू नका. कोपऱ्यात ठेवलेली तसबीर पुढच्या वर्षी चौथऱ्यावर जाते, त्याच्या पुढच्या वर्षी वर पत्रा येतो. सिमेंट पडलं की विषय कमिटीच्या हातून जातो आणि पालिका, उपनिबंधक, न्यायालय यांच्याकडे फिरू लागतो. आवारात आधीपासूनच देऊळ असेल तर मात्र ते या ठरावात ओढू नका. तो स्वतंत्र विषय आहे; दोन्ही एकत्र केले की दोन्ही बुडतात.

मसुद्यात हमखास होणाऱ्या चुका:

"पूर्वापार चालत आलेल्या उत्सवांना हा नियम लागू नाही." हे एक वाक्य घातलं की बाकीचं पान फाडून टाकलं तरी चालेल. जुन्या उत्सवाचा मान ठेवायचाच तर तारखेच्या प्राधान्यात ठेवा. आवाज आणि पैशात नाही.

"यापुढे कोणताच धार्मिक कार्यक्रम नको." थकलेल्या कमिटीला हा मोह फार होतो. दिसायला सगळ्यांना सारखं, पण कार्यक्रम थांबत नाहीत, ते लिफ्टच्या लॉबीत आणि पार्किंगमध्ये सरकतात. शिवाय पहिली तक्रार करणारा माणूस "ज्याच्यामुळे आपले गणपती बंद झाले तो" म्हणून आयुष्यभर ओळखला जातो.

"इमारतीत मांसाहार चालणार नाही." घरात काय शिजतं हा कमिटीचा विषय नव्हे. मासळीचं पाणी पॅसेजमध्ये सांडणं, खवले उघड्या बादलीत टाकणं, हा आहे. ओला कचरा बांधून द्यायचा नियम करा. वास तेवढ्यानेच निम्मा होतो.

तपासा: मसुदा घरी मोठ्याने वाचा. प्रत्येक कलम वाचताना आधी आपला सण मनात धरा, मग जो सण तुम्हाला सगळ्यात परका वाटतो तो. दोन्ही वेळा सारखंच वाटलं तर कलम ठेवा.

## टप्पा ५. सभा

विशेष सभेची नोटीस पूर्ण पाच दिवस आधी, मसुदा सोबत जोडून. गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, साधारणपणे सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांत कमी असेल ती. आपल्या नोंदणीकृत उपविधीत काय आहे ते एकदा बघून घ्या. विषय एकच ठेवा. पाण्याच्या टाकीचा खर्च आणि सणांचे नियम एकाच सभेत घेतले की एकावरचा राग दुसऱ्यावर निघतो.

मतदान कलमवार घ्या, अख्ख्या पानावर नाही. सहा कलमं मंजूर आणि एक बाजूला राहिलं तरी तुम्ही पुढे गेलात. प्रत्येकाला दोन मिनिटं, घड्याळ लावून. भाडेकरूंना निमंत्रित म्हणून बसू द्या, मत सभासदांचंच. सूचक-अनुमोदक म्हणून मुद्दाम "त्या" धर्माचा माणूस शोधून उभा करू नका; नाटक सगळ्यांना कळतं आणि त्या माणसाला नंतर घरी जाऊन उत्तरं द्यावी लागतात.

सावधान: बहुमताने तारीख, वेळ, जागा ठरवता येते. आरतीला हजेरी, वर्गणीची सक्ती, कोणाला घर भाड्याने द्यायचं नाही आणि कोणाच्या ताटात काय असावं, हे मताला टाकूच नका. शंभरपैकी नव्वद हात वर गेले तरी तो ठराव टिकणारा नाही, आणि उरलेल्या दहा घरांशी पुढची वीस वर्षं लिफ्टमध्ये गाठ आहे.

## टप्पा ६. पैसा

वर्गणी ऐच्छिक. मेंटेनन्सच्या बिलात ती चढवायची नाही. "इतर खर्च" या गोंडस नावाखाली तर नाहीच. उत्सवाचं पावतीपुस्तक आणि हिशेब सोसायटीच्या हिशेबापासून वेगळा. दिवे, मुलांच्या स्पर्धा, सगळ्यांचं जेवण यासाठी दुसरं पुस्तक, म्हणजे पूजेला पैसे न देणाऱ्यालाही सहभागी होता येतं.

सामायिक मीटरचं रीडिंग मंडप उभारण्याआधी आणि उतरवल्यावर लिहून ठेवा, फरक आयोजकांनी भरायचा. बाहेरच्या दुकानदारांकडून किंवा रस्त्यावर वर्गणी गोळा करणार असाल तर त्याला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. ती सोसायटीच्या नावाने नव्हे, आयोजकांनी काढायची.

कधीही करू नका: वर्गणी न दिलेल्यांची यादी लावणं. ग्रुपवर नाही, लिफ्टमध्ये नाही, "गमतीत" तर मुळीच नाही.

## टप्पा ७. व्हॉट्सअॅप ग्रुप

सोसायटीचे ग्रुप दोन हवेत. एक सूचनांचा, ज्यात फक्त अॅडमिन लिहू शकतात. पाणी, लिफ्ट, सभा, सणाच्या वेळा इथे. दुसरा गप्पांचा, ज्यात यायची सक्ती नाही. दोन्हींची सरमिसळ हेच निम्म्या भांडणांचं मूळ आहे: पाण्याचा टँकर कधी येणार हे बघायला ग्रुप उघडणाऱ्या बाईंना वाटेत तीन भडक व्हिडिओ ओलांडून जावं लागतं, आणि ग्रुप सोडायची सोयही नसते.

शुभेच्छांचं काय? कमिटीच्या नावाने शुभेच्छा द्यायच्या तर टप्पा २ च्या कॅलेंडरवरच्या सगळ्या सणांना द्या. नाहीतर कोणालाच नको. दिवाळीला चकाकती रांगोळी आणि ईदला सामसूम, हे कोणी बोलून दाखवत नाही पण लक्षात ठेवतं.

भडक फॉरवर्ड आला की हा क्रम पाळा.

१. स्क्रीनशॉट घ्या, वेळेसकट.

२. अॅडमिन म्हणून तो सगळ्यांसाठी डिलीट करा. खरा-खोटा ठरवत बसू नका. त्यातून दुसरं भांडण निघतं.

३. पाठवणाऱ्याला फोन करा. मेसेज नाही, फोन. "काका, तो व्हिडिओ काढलाय मी. आपल्या ग्रुपवर असं नको, खाली मुलंसुद्धा बघतात." बहुतेक काकांनी तो पूर्ण पाहिलेलाही नसतो.

४. मगच ग्रुपवर एक ओळ, नाव न घेता: "एक मेसेज ग्रुपच्या नियमाबाहेरचा असल्याने काढला आहे. चर्चा इथे थांबवू या." त्यावर येणाऱ्या उत्तरांना उत्तर देऊ नका.

५. पुन्हा तेच झालं तर त्या सदस्याला ठरावीक दिवस गप्पांच्या ग्रुपबाहेर ठेवा. सूचनांच्या ग्रुपमधून कोणालाही काढू नका. पाण्याची वेळ कळणं हा त्याचा हक्क आहे.

अॅडमिनला अटक होईल ही भीती जितकी सांगितली जाते तितकी खरी नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर, केवळ अॅडमिन आहे म्हणून कोणी गुन्ह्याला जबाबदार ठरत नाही. अॅडमिनने स्वतःच तो पुढे ढकलला असेल तर ही ढाल मिळत नाही. धार्मिक तेढ वाढवणं आणि धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ आणि २९९ खाली गुन्हे आहेत. पण ही कलमं ग्रुपवर धमकीसारखी फेकू नका. कायद्याचा आकडा दिसला की समोरचा वकील शोधतो, शेजारी राहत नाही.

## टप्पा ८. सणाचा दिवस

कार्यक्रमागणिक एक जबाबदार माणूस आणि त्याचा नंबर नोटीस बोर्डावर. तो चेअरमन नसावा. वाद वर चढला तर चेअरमन मोकळा हवा. तक्रार आधी त्याच नंबरवर.

वॉचमनकडे एका कागदावर तीनच गोष्टी: आवाज कधी बंद, कोणत्या गेटने कोण येणार, अग्निशमनाचा मार्ग कुठला. त्याला धर्मावरून निर्णय घ्यायला लावू नका. "दाढीवाले कोण आले होते" असली नोंद रजिस्टरमध्ये दिसली तर त्याच दिवशी समज द्या.

रात्री पावणेदहाला आयोजकांपैकीच एकाने जाऊन स्पीकर उतरवायला घ्यायचा. दहाला तक्रारदार खाली उतरला तर उशीर झालेला असतो.

बकरी ईद: हा विषय आदल्या रात्री गेटवर बकरा दिसल्यावर निघतो आणि हाताबाहेर जातो. जनावर सामायिक जागेत बांधायचं का, किती दिवस, कुठे, घाण कोण काढणार, हे महिनाभर आधी संबंधित घरांशी बोलून ठरवा. कापण्याचा मुद्दा कायद्याने आधीच ठरलेला आहे: पालिका हद्दीत परवानगी असलेल्या जागेबाहेर जनावर कापता येत नाही. जून २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दक्षिण मुंबईतल्या एका इमारतीबाबत पालिकेला हीच दक्षता घ्यायला सांगितलं. मुंबईत देवनारचा कत्तलखाना आहे. इतर शहरांत पालिकेने नेमलेल्या जागांची यादी विचारून घ्या आणि ती संबंधित घरांना वेळेत द्या. कापणार नाही असं आधीच सांगितलेल्या घराला गेटवर पुन्हा अडवू नका.

## टप्पा ९. तरीही ठिणगी पडली तर

पहिला तास. माणसं वेगळी करा. एक गट क्लब हाउसमध्ये, दुसरा कोणाच्या तरी घरी. पोडियमवर कोणालाही भाषण करू देऊ नका, स्वतःही करू नका. सूचनांच्या ग्रुपवर एकच ओळ: "आवारात वाद झाला आहे, कमिटी दोन्ही कुटुंबांशी बोलते आहे, कृपया व्हिडिओ पुढे पाठवू नयेत." सीसीटीव्हीचं चित्रण लगेच वेगळं काढून ठेवा, ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. गेट सांभाळा. "मध्यस्थी करायला" आलेले बाहेरचे कार्यकर्ते, कोणत्याही झेंड्याचे असोत, सभासद नसतील तर आत येणार नाहीत. घरातलं भांडण घरातल्या माणसांत असेपर्यंत मिटतं.

पहिला दिवस. दोन्ही बाजू वेगवेगळ्या बसवून ऐका, टप्पा १ चे पाच रकाने भरा. समोरासमोर त्यानंतर. ४८ तासांत लेखी उत्तर द्या, चार ओळींचं का होईना.

माफी घ्यायची तर खासगीत. व्हिडिओवर, सगळ्यांसमोर, एखादी घोषणा म्हणायला लावून घेतलेली माफी हा नवा गुन्हा आहे, जुन्यावरचा उपाय नाही. त्यात कमिटीचा माणूस फ्रेममध्ये दिसला तर पुढे काय होतं हे वेगळं सांगायला नको.

पोलीस कधी? मारहाण, हत्यार, धमकी, बाहेरून आलेला जमाव, मूर्ती किंवा कोणत्याही श्रद्धास्थानाची मोडतोड: थेट ११२, चर्चा नाही. नुसत्या आवाजाची तक्रार असेल तर आधी कार्यक्रमाच्या माणसाला फोन. ऐकलं नाही तर पोलीस. वर उल्लेखलेल्या २०२५ च्या निकालात न्यायालयाने असंही म्हटलंय की अशा तक्रारीत तक्रारदाराची ओळख न पटवता पोलिसांनी कारवाई करावी, आणि त्याचं नाव समोरच्याला कळू नये. "तक्रार कोणी केली ते आधी सांगा" म्हणत दारोदार फिरणाऱ्या सभासदांना हे ऐकवा.

सण झाल्यावर आठ दिवसांच्या आत आयोजक, एक तक्रारदार आणि सेक्रेटरी अशी पंधरा मिनिटांची बैठक घ्या. आवाज खरंच कधी थांबला, मीटरचा फरक किती आला, जागा केव्हा रिकामी झाली, हे कॅलेंडरच्या त्याच कागदावर त्या सणासमोर लिहा. कमिटी बदलली की तो कागद, मंजूर ठराव, सवलतीच्या दिवसांची यादी आणि पोलीस परवानगीच्या प्रती एकाच फाइलमध्ये नव्या सेक्रेटरीच्या हाती द्या. टप्पा १ ची तक्रारींची वही त्या फाइलमध्ये घालू नका. तिच्यात माणसांची नावं आहेत. रकान्यांतले मुद्दे नव्या वहीत उतरवा आणि जुनी फाडून टाका.